दोन कागद, एक चूक

"सही तेवढी राहिलीये, बाई," म्हणत कंपनीच्या साहेबांनी टोपण काढून पेन पुढे केलं. बाराला अहवाल छापायला जायचा होता आणि घड्याळात अकरा चाळीस झाले होते.

बाईंनी पेन घेतलं नाही. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. सिमेंट कंपनीच्या देखरेख समितीवर त्यांना घेतलं तेव्हा, शोभेला बऱ्या, असंच सगळ्यांनी धरलं होतं. टेबलाच्या टोकाला सेक्रेटरी बैठकीचा वृत्तांत लिहीत होता. जो जे बोलेल ते शब्दाला शब्द. समितीचा तसा नियमच होता.

बाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक कंपनीच्या अहवालाचं पान: धुरावर मर्यादा घालणाऱ्या नव्या हवामान कायद्याला आमचा पाठिंबा आहे. दुसरं, उद्योगसंघाने गेल्या महिन्यात सरकारला धाडलेलं पत्र: हा कायदा आणू नका.

"संघाच्या पत्राशी आपला काय संबंध?" साहेब हसले. "आपण नुसते सभासद."

"आपल्या कारखान्यात कामगार किती?"

"चार हजार एकशे ऐंशी."

"अहवालात चार हजार आठशे दहा झालेत. संघाच्या पत्रातही आपले तेवढेच. आणि अहवाल तर अजून छापायचाय." बाईंनी चष्मा पुसला. "तीस वर्षं पेपर तपासलेत मी. कॉपी बरोबर उत्तरावरून कळत नाही. चुकलेल्या उत्तरावरून कळते."

सेक्रेटरीच्या तोंडचं पाणी पळालं. अहवाल त्यानेच टाइप केला होता आणि ते पत्रही, याच मजल्यावर, साहेबांनी सांगितलं तसं. आकडा आठवणीतून घातला, आणि चुकला तो दोन्हीकडे चुकला. निवृत्तीला दोन वर्षं होती. कंपनीच्या क्वार्टरमध्ये आजारी बायको होती. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतो?

"योगायोग असेल," साहेब म्हणाले.

चुळबुळणारं पोर आपणहून उभं राहीपर्यंत वर्गात बघत बसावं, तशा बाई बघत बसल्या.

साहेबांचा पारा चढला आणि निघाला तो सेक्रेटरीवर. "चारदा बजावलं होतं तुला, पत्र संघाकडे धाडण्याआधी आकडे तपास म्हणून!"

आपण काय बोलून बसलो, ते साहेबांना कळायला जरा वेळ लागला.

"लिहिलंत?" बाईंनी सेक्रेटरीला विचारलं.

तेवीस वर्षं त्याच्यासाठी साहेब म्हणतील ती पूर्व दिशा. आता भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. त्याने पेन टेकवलं: चारदा बजावलं होतं तुला...

साहेब त्याच्या कानाशी वाकले. "हे वृत्तांतात घ्यायचं नाही."

सेक्रेटरीने मान डोलावली. मग त्याने ते वाक्यही शब्दाला शब्द लिहून घेतलं.