चौकशी पुरे

रविवारी सकाळी अकरा वाजता मिरजेच्या एका कार्यालयात साखरपुड्याला आलेल्या वरमाईंनी पेढ्यांचा डबा खाली न ठेवताच विचारलं, "बोडससाहेब, आमचा निनाद पितो का, हे अजून किती जणांना विचारणार आहात?"

मुलीचे वडील श्रीधर बोडस यांनी घाईघाईने खिशातला फोन काढला. मुलाची चौकशी त्यांनी आपल्या छायेवर सोपवली होती. हल्ली प्रत्येकाच्या फोनमध्ये अशी एक छाया असते आणि ती मालकाच्या वतीने बोलते. 'मुलगा निर्व्यसनी' हे उत्तर तर पहिल्याच दिवशी आलं होतं.

कोपऱ्यात जाऊन ते फोनवर खेकसले, "थांब म्हटलं होतं ना!"

"मी केव्हाच थांबले," छाया म्हणाली. "पण मी तुमच्या आत्यांच्या छायेला विचारलं, तिने त्यांच्या नणंदांच्या छायांना, त्यांनी आणखी पुढे. उत्तर मिळालं असं कळवलं, की जी ती 'वा, छान झालं' म्हणते आणि उरलेल्यांना विचारूनच घेते."

नवरी मुलगी मृण्मयी साडी सावरत आली. "बाबा, एकेकीला काय विनवताय? सगळ्यांना दिसेल अशी एकच पाटी लावा. पुढे विचारण्याआधी प्रत्येक छायेने ती बघायची, बस."

बोडसांनी फोनवरूनच पाटी लावली: 'चौकशी पुरे.' मिनिटभरात सगळ्या छाया गप्प झाल्या. बोडस हसतमुखाने वरमाईंकडे वळले.

दुपारी बारापर्यंतची खबर अशी, की अंगठ्या अजून डबीतच आहेत. वरमाईंच्या छायेने आपल्या नात्यात विचारायला सुरुवात केली आहे, की मुलीकडच्यांनी चौकशी अशी एकाएकी का थांबवली?