सतराचा पाढा

मदरशांतल्या शिक्षकांच्या प्रशिक्षण शिबिरात फळ्यावर उद्याचं वेळापत्रक लिहिलेलं होतं: 'छडीशिवाय शिकवणं – तहसीन मॅडम'. ते वाचूनच हाफिजसाहेब शेवटच्या चटईवर जाऊन बसले होते. अख्खं कुराण तोंडपाठ असलेला, चाळीस वर्षं मदरशात शिकवत आलेला हा माणूस. त्यांच्यासमोर छडीचा विषय कसा काढायचा, हे शिबिर घेणाऱ्या तहसीनला कळत नव्हतं.

आज तिने सगळ्या शिक्षकांना विद्यार्थी केलं होतं. "हाफिजसाहेब, सतराचा पाढा म्हणा."

ते उभे राहिले. सहापर्यंत झपाझप गेले आणि सातला अडले. पुन्हा पहिल्यापासून म्हटला, पुन्हा तिथेच अडले. कुणी काही बोलायच्या आत त्यांचा उजवा हात आपसूक पुढे आला, तळवा वर करून.

कुणी हसलं नाही. हाफिजसाहेब स्वतःच्याच तळव्याकडे बघत राहिले.

"साठ वर्षं झाली, बेटी. पाढा गेला, हात मात्र अजून पुढे येतो." त्यांनी तळवा मिटला. "मी छडीने शिकवलेली किती पोरं आजही असा हात पुढे करत असतील गं?"

मग ते सावकाश फळ्यापाशी आले.

"उद्याचा हा तास मला देशील?"

तहसीनने डस्टर उचललं आणि आपलं नाव पुसलं.