भलतीकडे बघणारा

१९६८चा बास्केटबॉलचा अंतिम सामना नागपूरच्या क्लबाने जिंकला. त्याचं श्रेय कुणाचं, हा वाद त्या संघातले वामन धोटे वारल्यावर पुन्हा पेटला. मैदानाला नाव त्यांचं द्यायचं, की सर्वाधिक गुण करणाऱ्या कोलत्यांचं?

सभेत वामनरावांच्या पत्नी अनसूयाबाई सारख्या चुळबुळत होत्या.

“वहिनी, राग नका मानू,” कोलते म्हणाले, “पण आमच्या चकण्या वामनने त्या दिवशी एकही बास्केट केली नाही.”

“मग भावजी, तुमच्या हातात चेंडू काय आभाळातून पडत होता?”

“पास त्याचेच हो! पण बघायचा भलतीकडे. समोरचे सगळे तिकडे धावायचे आणि मी इकडे मोकळा...”

बोलता बोलता कोलत्यांनीच वामनरावांच्या नावासाठी हात वर केला.

मैदानाला वामनरावांचं नाव लागलं. कोलते अखेरपर्यंत तिथल्या मुलांना भलतीकडे बघत पास द्यायला शिकवत राहिले. अनसूयाबाई कठड्यावर बसून म्हणायच्या, “भावजी, त्याला डोळे ह्यांचेच हवेत!”