सहाचाकीची फिरवाफिरवी

मागची दोन चाकं निघाली होती, तेवढ्यात म्हातारा उगवला.

अंगात बनियन, खाली गुडघ्यापर्यंतची लुंगी, दातांत काडी. पावणे गावातल्या या गल्लीत सुट्टीच्या दुपारी कुत्रंही फिरकत नाही, म्हणून तर धनाजीनं ही सहाचाकी पिकअप हेरली होती. चोरी करायची तर दिवसाढवळ्या, खाकी शर्ट घालून, असं त्याचं शास्त्र होतं.

"कोन रं तुमी? काय चाललंय?"

"चाकं फिरवतोय, आजोबा," धनाजी थंडपणे म्हणाला. "पुढची मागं, मागची पुढं. म्हणजे सगळी सारखी झिजतात. मालकांनी सांगितलंय."

त्याचा साडू गंगाराम पाना धरून थिजला. धनाजीनं त्याला डोळ्यांनीच दटावलं. गंगाराम म्हणजे नुसतं सशाचं काळीज.

"मालकांनी सांगितलं? मंग बरं झालं," म्हातारा म्हणाला. "शाना मानूस दिसतोय तुमचा मालक."

धनाजीला आतल्या आत हसू फुटलं. असली येडी माणसं आहेत म्हणून तर चोरांच्या चुली पेटतात!

पण येडं जाईना. रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यानं बैठक मारली.

"आन दोनच काय काढलीत? सहाचाकीचं काम असं करतात? जॅक लावा, विटा लावा, समदी उतरवा."

लक्ष्मी टिळा लावायला आली होती! दोनावर भागवणार होते, तर हा बाबा सहाही काढायला सांगत होता. धनाजीनं उत्साहानं सगळी उतरवली. पिकअप विटांवर लंगडी उभी राहिली. आता फक्त हे भूत इथून हललं पाहिजे.

"आजोबा, ऊन बाधेल. घरी जाऊन जेवा की."

"जेवून आलोय."

"बरं, मग आम्ही ही चाकं जुईनगरला बॅलन्सिंगला नेऊन आणतो."

"चल, मी बी येतो. तिथं लोकांना लुटतात रे."

धनाजीनं दात खाल्ले. पळायची सोय नव्हती. गल्लीच्या तोंडाशी वॉचमनची चौकी होती, म्हाताऱ्याची एक बोंब पुरली असती. धनाजी एकदा तुरुंगात जाऊन आला होता. पुन्हा सापडला तर बायको कामोठ्याच्या खोलीला कुलूप लावून साताऱ्याला जाणार होती, आणि ती बोलते तसं करते.

म्हणजे चाकं परत चढवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"चढवू नका आत्ताच! आधी शेजारी शेजारी उभी करा, उंची बघा," म्हातारा खेकसला. "मागच्या जोडीत एक मोटं, एक बारीक लागलं तर भार समदा मोट्यावर, नि बारीक नुसतं घासत जातं. पुढची दोन मागं बाहेर घ्या. बाहेरची आत. आतली पुढं. कळलं का, का लिहून देऊ?"

"कळलं, आजोबा."

"काय कळलं? आतल्या चाकाची हवा कुठून भरनार? तुझ्या कानातून? वॉल बाहेरून हाताला लागला पायजे. उतरव परत."

गंगाराम रडकुंडीला आला. धनाजीच्या शर्टाचं पोतेरं झालं. गंज खरवडा, धूळ पुसा, नट समोरासमोरचे आवळा. जरा हात ढिला पडला की वरून टोमणा होताच.

"जोर लाव की! पोळ्या लाटतोस काय?"

थुंकावं याच्या तोंडावर, असं धनाजीला वाटत होतं. तोंडानं मात्र "हो आजोबा, बरं आजोबा" चालू होतं.

ऊन उतरलं तेव्हा कुठं काम संपलं. म्हाताऱ्यानं पान्यानं एकेक नट ठोकून पाहिला, चाकांभोवती एक फेरी मारली.

"जमलं एकदाचं. जावा आता."

"तुमची कृपा," धनाजीनं कोपरापासून हात जोडले.

पिकअपच्या पुढ्यातच त्यांची तीनचाकी उभी होती. रिकाम्या हौद्यात जॅक आदळून धनाजी तडतडला, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी! जमिनी विकून बसलेत, ना काम ना धंदा. दुसऱ्याच्या गाडीत नाक खुपसायचं नि अक्कल पाजळायची. मूर्ख!"

"सुटलो ना पण," गंगाराम पुटपुटला.

"त्याला काय झाट कळलंय, की आपण सुटलो म्हणतोस? माती भरलीय डोक्यात!"

मागं दार उघडल्याचा आवाज झाला. मग इंजिन धडधडलं, हॉर्न वाजला. धनाजीनं वळून पाहिलं. म्हाताऱ्यानं पिकअपच्या खिडकीतून मान बाहेर काढली होती.

"ए पोरांनो, तुमचा खटारा जरा बाजूला घ्या. मला माझी गाडी काढायचीय."