कंटेनरवरची नोंद

"पुसता येतं का हे?" राखीनं विचारलं.

शेखरशेठनं समोरचा स्क्रीन तिच्याकडं वळवला. "आधी बस तर. चहा घेणार?"

"नको."

ती उभीच राहिली. विंचूरच्या या गोडाऊनमधून कांद्याचे कंटेनर भरून बंदरात जायचे, तिथनं जहाजानं दुबईला. महिन्यापूर्वी असाच एक कंटेनर भरून उभा होता. किडे मारायला आत गॅस सोडला होता. तो पुरता बाहेर जायच्या आधीच तिचा नवरा लहानू, इथलाच हमाल, आत शिरला. चौघांनी त्याला उचलून बाहेर आणलं, तेव्हा त्याच्यात जीव नव्हता.

स्क्रीनवर लिहिलं होतं : दार उघडलं, लहानू. स्वतःहून.

"सगळी वस्ती म्हणती, पिऊन शिरला," राखी म्हणाली. "माझा नवरा दारूला शिवत नव्हता, शेठ. पोरं चिडवत्यात म्हणून पोरगी शाळंत जात नाय. तेवढं 'स्वतःहून' काढा."

"अगं, काढता आलं असतं तर काढलं नसतं का? ही ब्लॉकचेन आहे. तुमच्या सुरगाण्याची जीप नाही, हात केला की थांबायला."

शेठ एकटाच हसला. कोपऱ्यात कॉम्प्युटरवर बसलेली सायली हसली नाही.

"म्हंजे काय?"

"म्हणजे ऑफिसातनं नाहीतर हमालाच्या मोबाईलवरून इथं एकदा नोंद पडली, की त्याच मिनिटाला बंदरात जाते, जहाजवाल्याकडं जाते, दुबईच्या गिऱ्हाईकाकडं जाते. एकानं पुसली तरी बाकीच्यांकडं राहतेच. पोलिसांनी पण हेच खरं धरलं ना?"

"पण मालक तर तुम्ही हाय."

"मी काय, माझा बाप आला तरी नाही पुसता येणार."

"या ताईला?" राखीनं सायलीकडं बोट केलं.

"तिला तर मुळीच नाही."

"आन् वरून कुणाचा फोन आला तर?"

"कुणाचाही येऊ दे!" शेठचा आवाज चढला. मग त्यानं तो खाली आणला. "हे बघ राखी, त्या दिवशी मी नाशकात होतो. लहानूशी माझं बोलणंसुद्धा झालं नाही. घाई त्यालाच झाली. मला काय वाईट वाटत नाही का? पण एकदा पडलं ते पडलं. आता जन्मभर असंच राहणार."

"जन्मभर?"

"तू नी मी मेलो तरी."

राखीनं डोळ्याला पदर लावला. शेठ खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर दुसरा कंटेनर भरत होता, हमाल ओरडत होते.

"बरं," ती म्हणाली. "एवढंच इचारायचं होतं."

ती गेली. गेटच्या पलीकडं पोचेपर्यंत शेठ बघत होता. मग त्यानं खुर्चीत पाय पसरले.

"सुटलो बाबा. मला वाटलं, वकील-बिकील घेऊन येते की काय."

सायलीनं मान वर केली नाही.

"सर, त्या कंटेनरवर अजून एक नोंद आहे. आज सकाळी पडलीये. लहानूच्या मोबाईलवरून."

"लहानूच्या? काय लिहिलंय?"

"लिहिलं काहीच नाही. व्हॉइस मेसेज जोडलाय. त्याच दिवशीचा, तो आत जायच्या पाच मिनिटं आधीचा."

"कुणाचा?"

"तुमचा."