फौजी खाली

दुपारी सव्वातीनला आलापल्लीच्या लाकूड डेपोच्या मैदानावरून निळं हेलिकॉप्टर उडालं. खुशाल मेश्रामने परवानगी दिली आणि ते सागाच्या शेंड्यांवरून दक्षिणेला गेलं. ओंडक्यांवर बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "गेलं बाप्पा एकदाचं."

ऑगस्ट १९८६ चा पूर होता. गोदावरी आणि प्राणहिता एक झाल्या होत्या आणि सिरोंचाचा रस्ता पाण्याखाली होता. मदतीला दोन हेलिकॉप्टरं आली होती. एक लष्कराचं, त्याला सगळे फौजी म्हणत. दुसरं सरकारने भाड्याने घेतलेलं, निळं. एकाचा रेडिओ दुसऱ्याला ऐकू जात नव्हता. ढग इतके उतरले होते की जायला आणि यायला एकच वाट उरली होती. नदीच्या कडेने, झाडांच्या जरा वर. त्या वाटेवर एका वेळी एकच. एक जमिनीवर टेकल्याचं कळल्याशिवाय दुसरं सोडायचं नाही. त्यासाठी खुशालला नागपूरच्या विमानतळावरून पाठवलं होतं. सोबतचा माणूस तापाने पडला होता. दोन्ही रेडिओ आता त्याच्याच कानाला होते.

टेकड्यांपलीकडे ते रेडिओ पोचत नसत. सिरोंचाचा निरोप यायचा तो पोलिसांच्या वायरलेसवर, आणि त्यावर गफ्फार बसला होता. दोघे एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण नूरी. गफ्फारची मुलगी, दिवस भरलेली, सिरोंचात सासरी अडकलेली. तिला आणा एवढंच त्याने पहिल्या दिवशी विचारलं होतं. खुशालने चारचौघांत सांगितलं, "हा वायरलेस नातेवाइकांसाठी नाही, हवालदार." वर असंही सांगितलं की सिरोंचाचा पोचू नावाचा ऑपरेटर कुणाच्या छतावर किती कोंबड्या बसल्यात तेही सांगत बसतो, ते मला नको. कोणतं हेलिकॉप्टर आणि एक शब्द, बस.

तेव्हापासून गफ्फार पाठ करून बसे आणि दोन शब्दांपलीकडे तोंड उघडत नसे.

त्या दुपारी आधी फौजी सिरोंचाकडे गेलं आणि वायरलेसवर नुसती खरखर सुरू झाली. निळं पंखा फिरवत उभं होतं. नायब तहसीलदार दर थोड्या वेळाने टेबलाशी येत होते. निळ्यातल्या पुऱ्या नासून राह्यल्या, तुमचं आभाळ भरून गेलं काय, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. ओंडक्यांवरची माणसं हसली. सिरोंचाला विचारा, असं खुशालने गफ्फारच्या पाठीला सांगितलं. गफ्फारने विचारलं. बऱ्याच खरखरीनंतर तो मान न वळवता म्हणाला, "फौजी खाली."

खुशालने निळं सोडलं.

दहाएक मिनिटांनी गफ्फारने कानाचे फोन टेबलावर आपटले आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तोंड फिरवलं.

"दहा माणसाची जागा होती त्याच्यात. पोट्टी तिथी पाण्यात बसून हाये, अन् तुमी ते तसंच वापस बलावता."

"वापस?" खुशाल म्हणाला. "कोण वापस येऊन राह्यलं?"

"फौजी. सांगतलं ना मंग. खाली."

"खाली म्हणजे उतरलं."

"खाली म्हंजे रिकामं, साहेब. पोचू म्हने खाली निंगालं, तुमाले एकच शब्द पायजे होता. सावली गावचे ना तुमी? रिकाम्या गाडीले काय म्हंता मंग तुमच्या गावात?"

सावलीत रिकाम्या गाडीला खालीच म्हणत. खुशालही म्हणायचा. पण नागपूरच्या टॉवरमध्ये विमान एक तर वर असे, नाही तर खाली.

त्याने दोन्ही रेडिओ ओढले. एकावर निळ्याला हाक मारली, दुसऱ्यावर फौजीला. निळं टेकड्यांपलीकडे गेलं होतं. फौजी अजून अलीकडे आलं नव्हतं. वाट एकच आणि उंची एकच. नायब तहसीलदारांनी काय झालं म्हणून विचारलं. गफ्फार सिरोंचाला हाका मारत राहिला. खरखर.

पंख्याचा आवाज आला तेव्हा ओंडक्यांवरची माणसंही उठून उभी राहिली. आवाज एकाचाच होता. झाडांवरून फौजी आलं आणि मैदानावर टेकलं.

पायलट उतरला. नदीच्या मोठ्या वळणावर ढगात काहीतरी निळं अगदी पोटाखालून गेलं आणि झाडांच्या बाजूला वळलं, असं त्याने हिंदीत सांगितलं. त्यानंतर दिसलं नाही. मग रिकाम्या हेलिकॉप्टरकडे बोट करून तो म्हणाला, "मेश्राम साब, आपने कहा था, मैंने किसी को नहीं बिठाया. आपकी नूरी को वहाँ मैदान पर ले आए हैं. नीलेवाला लिटाकर लाएगा."

निळ्यात स्ट्रेचर होतं, फौजीत नव्हतं. म्हणून नूरी निळ्यातूनच येईल, तोवर तिथल्या मैदानावर गर्दी नको, फौजीत कुणाला बसवू नका, हे खुशालने सकाळी दोन्ही पायलटांना वेगवेगळं गाठून सांगितलं होतं. गफ्फारला सांगितलं नव्हतं.

गफ्फारने त्याच्याकडे पाहिलं. "मले काऊन नाई सांगतलं?"

खुशाल रेडिओची कळ दाबून निळ्याला हाक मारत होता.

गफ्फारने फोन पुन्हा कानाला लावले. चारला सिरोंचा लागलं. तो बराच वेळ ऐकत राहिला, दोनदा पोचूला पुन्हा सांगायला लावलं. मग खुशालकडे तोंड करून त्याने सगळं वाक्य सांगितलं.

"पोचू म्हंते, नूरी मैदानात चादरीवर झोपून हाये, कळा सुरू झाल्या, सारे वर पाहून राह्यले, निळं अजून आलं नाई."