क्लचवरची दोन बोटं

डर्ट बाइक शिकायच्या पहिल्याच दिवशी नात धडाधड आपटली आणि चिखलाचा पुतळा होऊन घरी आली.

"बास झाली थेरं!" बाप कडाडला. "उद्यापासून बंद. आपल्या घरातल्या बायकांनी असलं काही केलेलं नाही कधी."

नातीचाही धीर सुटला होता. "शिकवणाऱ्या ताई म्हणतात, डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर हवीत. गाडी उसळली की माझी सुटतातच. नाही जमायचं मला."

आजी वॉकर ढकलत आली. नातीचं हेल्मेट उचलून तिने नाकाशी धरलं. मातीचा आणि पेट्रोलचा तो वास तिने डोळे मिटून छातीत भरून घेतला.

"डोळे पूस आधी. नव्यानव्यात सुटतात. एकदा सवय लागली की जन्मभर सुटत नाहीत. उद्या जायचंस तू."

"तुला गं काय माहीत, आई?"

"तू गप रे. सायकलवरून उतरायलासुद्धा तुला माझा खांदा लागायचा."

आजी वळली आणि वॉकर धरून निघाली. नात तिच्या डाव्या हाताकडे बघतच राहिली. तीन बोटांनी दांडा आवळलेला, आणि दोन बोटं नेहमीसारखी पुढे, हवेतच काहीतरी धरल्यासारखी वाकलेली.

घरात सगळे त्याला संधिवात म्हणायचे.